माळ्यावरचे चार टायर

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळच्या आत गाडीचे चारही टायर बदलून व्हायला हवे होते, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि दर सोमवारी-गुरुवारी सकाळी साडेसहाला गोविंदकाकांना घेऊन कल्याणला डायलिसिसला जायचं असतं. गोविंदकाका आमच्याच सापगावात, आमच्यापासून चौथ्या घरात राहतात. गाडी माझ्या सासऱ्यांची, नानांची. पांढरी ॲम्बॅसेडर, माझ्या लग्नाच्या आधीपासून दारात उभी असलेली. नानांना जाऊन त्या दिवशी बरोबर सात आठवडे झाले होते. या सात आठवड्यांत कल्याणच्या चौदा फेऱ्या मी केल्या, आणि चौदावी करून सोमवारी दुपारी परत आले तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला दिसला. बाकीच्या तिघांचीही नक्षी जवळजवळ गेलेली. नाना असते तर फुगा येईपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

त्यांची बातमी मला कोणी आणून दिली नाही. मीच पहिली पाहिली. माझं गावात मिरची कांडप आहे. नवरात्रातली तिसरी माळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून चारलाच बंद करून घरी आले. नाना अंगणात गाडीच्या मागच्या चाकाशी पाटावर बसले होते, डोकं मडगार्डला टेकलेलं. बुधवारची दुपार ही त्यांची गाडी बघायची वेळ, गुरुवारी निघायचं म्हणून. हवा मोजायचं मीटर मांडीवर होतं. दोन हाका मारल्या... तिसरी मारली नाही, आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले असतील, त्रास झाला नसेल. असं ऐकून बरं वाटावं अशी अपेक्षा असते. थोडं वाटलंही.

संध्याकाळी नदीवर सगळं उरकून माणसं ओट्यावर येऊन बसली. गोविंदकाका एका टोकाला, न वाकणारा उजवा पाय समोर ताणून बसले होते. मी पाणी द्यायला गेले तर खालच्या आवाजात म्हणाले, “उद्याचं राहू दे गो सूनबाई. एक दिस नाय गेलो तर मी काय मरत नाय.”

“साडेसहाला तयार राहा,” मी म्हणाले.

सोमवारची पाळी होऊन गेली होती. गुरुवार चुकला असता तर पुढच्या सोमवारपर्यंत आठवडाभर त्यांच्या अंगात पाणी साठलं असतं. डायलिसिसला सुतक कळत नाही. सकाळी मी गाडी काढली तेव्हा शेजारची एक बाई मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, “सुतक लागलंय नि सून गाडी उडवीत चालली.” माझ्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “जाऊ दे तिला. ते असते तर त्यांनी पण नेलाच असता.” ते असते तर सुतकच नसतं, पण आईंचा मुद्दा बरोबर होता, आणि मी गाडी फाटकाबाहेर काढली.

नाना बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत टायर विभागात होते. डेपो म्हटलं की लोकांना ड्रायव्हर-कंडक्टर आठवतात, टायरवाला कोणाला आठवत नाही. प्रवाशाला त्याचं तोंड दिसत नाही, आणि टायर नीट असेल तर त्याची आठवण यायचं कारणही नसतं. नाना पहाटे जायचे. रात्री गावोगावी मुक्काम करून आलेल्या गाड्या आणि सकाळी सुटायच्या गाड्या, प्रत्येकीची सहा चाकं. लोखंडी कांब घेऊन एकेका चाकावर ठोका मारत फिरायचे आणि आवाजावरून हवा सांगायचे. मग बसून टायरवरून तळहात फिरवायचे, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. कुठल्या बाजूने हात जास्त अडतो त्यावरून चाक वाकडं चालतंय की सरळ, ते कळायचं. निवृत्तीनंतरही हात तसाच होता. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी बाहेर उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या गाडीवर हात फिरवून यायचे आणि जेवताना मालकाला सांगायचे, “पुढचं उजवं बघून घ्या.” काही लोकांना राग यायचा. नाना पुढचा घास घ्यायचे.

गोविंदकाका त्याच डेपोत ड्रायव्हर. मुरबाड, डोळखांब, माळशेजचा घाट, सगळीकडे त्यांनी गाड्या नेल्या, आणि त्यातल्या बहुतेक नानांनी पास केलेल्या टायरांवर. दोघे एका गावचे, एका वयाचे, तरी एकदा जवळजवळ वर्षभर बोलत नव्हते. कारण म्हशाची जत्रा. म्हशाला जत्रेत मोठा बैलबाजार भरतो. गोविंदकाकांनी एका पांढऱ्या बैलाला आदल्या दिवशी हात लावून ठेवला होता, मालकाने सकाळी दहापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, आणि जत्रेच्या जादा गाडीवर ड्यूटी लागल्यामुळे ते तिथे वेळेवर पोचणारही होते. गाडी भरली, माणसं टपावर चढली. नाना आले, चाकांवर ठोके मारत मागे गेले, आणि म्हणाले, ही गाडी जाणार नाही. मागचा आतला टायर.

गोविंदकाकांनी खाली उतरून पाहिलं तर टायरची नक्षी शाबूत, चीर नाही, काही नाही. “आरे नवा हाय तो!” नाना म्हणाले, दिसायला नवा आहे. भांडण जुंपलं, माणसं शिव्या द्यायला लागली, कोणीतरी नानांना ढकललंसुद्धा. नाना चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले ते दुसरा टायर आणून बसवेपर्यंत उठले नाहीत. गाडी दीड तास उशिरा सुटली. तोवर बैल नेरळच्या माणसाला विकला गेला होता. तो काढलेला टायर नंतर कुठल्याच गाडीला लागला नाही, त्यामुळे नाना बरोबर होते की चूक ते कायमचंच राहिलं. मी एकदा नानांना विचारलं, तुम्हाला खात्री होती? ते म्हणाले, “नव्हती. खात्री असती तर भांडायला काय लागतं? खात्री नसताना बसून राहायचं, त्याचा पगार होता.”

ॲम्बॅसेडर त्यांनी मुरबाडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. तेव्हा त्यांना चालवता येत नव्हती, सगळ्या आयुष्यात चाकं हाताळलेली, स्टिअरिंग नाही. बोलणं पुन्हा सुरू झालेल्या गोविंदकाकांनी त्यांना गाडी शिकवली, आणि पुढे नानांनी मला. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, कांडपाचं सामान आणायला मला रोज कोणाची तरी मनधरणी करावी लागायची. मी म्हटलं, मला शिकवा. नानांनी होकार दिला आणि पंधरा दिवस किल्ली हातात दिली नाही. जॅक लाव, चाक काढ, घाल, परत काढ. आई ओट्यावरून हसायच्या. मी एकदा चिडले तर म्हणाले, “गाडी पळवायला कोण पण शिकतं. ती थांबते कशावर ते आधी बघ.”

तेव्हाच त्यांनी मला टायरचं वय वाचायला शिकवलं. टायरच्या बाजूला, बाकीच्या सगळ्या अक्षरांच्या गर्दीत, एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. त्या आठवड्यात तो टायर कारखान्यातून निघाला. नक्षीकडे बघू नको, असं ते म्हणायचे, नक्षी बघून घेणारा फसतो. त्यांच्या हिशेबात पाच वर्षं झालेला टायर संपला.

“आणि चालवलाच नसेल तर?” मी विचारलं.

“न चाललेला तर आणखी वाईट,” नाना म्हणाले. “चाललेला दाखवतो तरी, मी झिजलो म्हणून. न चाललेला काय दाखवत नाय. घाटात जाऊन बोलतो.”

गाडीला किती मागण्या आल्या सांगता येत नाही. जुन्या गाड्यांचा आता शौक आहे. एकदा मुंबईहून एक गृहस्थ आले, त्यांना हॉटेलच्या दारात ठेवायला हवी होती. चाकं नसली तरी चालतील, आम्ही विटांवर उभी करू, असं म्हणाले. नानांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “मग गाडी कशाला नेता? पेटी न्या एखादी.”

तीन वर्षांपूर्वी गोविंदकाकांची किडनी गेली. डोळे आधीच साखरेने अधू झालेले, पाय जुन्या अपघातापासून वाकत नाही. एवढा मोठा माणूस रिक्षात मावेना, आणि परतीच्या वाटेवर तर त्यांना आडवंच व्हावं लागतं. ॲम्बॅसेडरची मागची सीट एखाद्या बाकासारखी सलग आहे, पाय ताणून निजता येतं. नानांनी कोणाला विचारलं नाही. पहिल्या सोमवारी गाडी जाऊन त्यांच्या दारात उभी राहिली, आणि तीन वर्षं राहत होती. कधी मीही सोबत जायचे. आयुष्यभर घाट उतरवलेला ड्रायव्हर मागे आडवा पडून टायरवाल्याला गाडी कशी चालवायची ते सांगत असायचा.

“गियर टाक रे, बैल हाकतो काय?”

“बैल असता तर तुला देऊन टाकला असता. तुझा राहिलाच ना.”

“तुझ्यामुळं राहिला. पांढरा शुभ्र बैल. शिंगं अशी...” इथे हात वर जायचा, आणि नाना आरशात न बघता म्हणायचे, “हात खाली घे, मागचं दिसत नाय.”

पहिल्या फेरीच्या आधी नानांनी कल्याणहून चार नवे टायर आणून गाडीला घातले. मला तेव्हा आश्चर्य वाटलं, कारण आमच्या घरात माळ्यावर चार कोरे टायर होतेच. त्याच्या सहा वर्षं आधी मुरबाडचं एक टायरचं दुकान बंद होत होतं. आमच्या गाडीचं माप आता कमी मिळतं, पुढे मिळणार नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं, आणि नानांनी चारही उचलले. गोणपाटात गुंडाळून, सुतळीने शिवून, माळ्यावर आडवे ठेवले. त्या काळात गाडी फार तर बाजाराला जायची, आधीचे टायर संपता संपेनात. मी विचारलं, वर आहेत ना, मग हे कशाला? नाना म्हणाले, “ते राहू दे.” एवढंच. मी पुढे विचारलं नाही. माणसाच्या माळ्यावर काय असावं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तर आता, फुगा दिसल्यानंतर, सगळ्यांना आधी आठवले ते हेच टायर. मंगळवारी सकाळी आई म्हणाल्या, “वर चार हायेत ना नवे. तेच घाल.” मी म्हटलं ते नऊ वर्षांचे झालेत, दुकानातून आणते. तर त्यांनी मान हलवली. “वर्ष सरल्याबिगर घरात नवं काय आणायचं नाय गो. दसऱ्याला गाडीला हार पण नाय घातला आपण.” हे खरं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर सणही नाही आणि नवी वस्तूही नाही. मी रीत मोडणारी बाई नाही, कारण रीत मोडून जे बोलणं खावं लागतं त्यात माझा वेळ जातो. पण मी विचारलं, “मग काकांना घरी ठेवायचं का?”

नानांचा पुतण्या दिनेश डोळखांबला राहतो, तिकडच्या पाड्यांवर प्रवासी जीप चालवतो. तो त्या दिवशी आलेला होता. त्यानेच माळ्यावर चढून टायर खाली दिले. “वहिनी, काकांनी ठेवलेत ते. काका काय येडे होते? जिंदगी टायरात घातली त्यांनी.” गोणपाट उसवलं तर आत चार काळेभोर टायर, नक्षीतली बारीक रबरी केससुद्धा जागेवर. अंधारात राहिल्याने ऊन लागलेलं नाही, धूळ नाही. चार आकडे वाचले. आठवडा कुठलाही असो, साल नऊ वर्षांपूर्वीचं होतं. अंगठ्याचं नख दाबून पाहिलं, दबलं. गुडघ्यात धरून जमेल तेवढं वाकवलं, खाचेच्या तळाशी चीर दिसली नाही. मला ती दिसावी असं वाटत होतं, हे कबूल करते. एक चीर दिसली असती तर प्रश्न मिटला असता. एका बाजूला डोळ्यांना दिसणारा कोरा टायर, नानांची आठवण, आईंची रीत, आणि दुसऱ्या बाजूला फक्त चार आकडे. आणि गाडीत मागे कोण निजणार, तर हातापायांत जोर नसलेला, सुई काढून तास झालेला माणूस, ज्याला हायवेवर टायर फुटला तर स्वतः दार उघडून बाहेरही पडता येणार नाही.

बुधवारी सकाळी फुग्याच्या चाकाजागी स्टेपनी लावून मी शहापूरला गेले. दुकानातल्या माणसाने गाडी पाहून आधी कौतुक केलं आणि मग जीपला लागतात तसले रुंद टायर काढले. “मॅडम, हे टाका. गाडीला रुबाब येईल. तुमच्या मापाचे कोण घेतं आता.” मी एक टायर चाकाशेजारी उभा केला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि मडगार्डच्या आत हात घातला. नानांचं माप असं, की वळलेल्या चाकाशेजारी चार बोटं आडवी गेली पाहिजेत. दोन गेली. माणूस लादला की गाडी आणखी खाली बसणार. नको म्हटलं. मग त्याने वरचा थर चढवलेले जुने टायर दाखवले, नव्यासारखे दिसतात आणि स्वस्त पडतात. तेही नको. मग तो गोदामात गेला आणि आमच्या मापाचे चार घेऊन आला. मी खाली बसून आकडे वाचले. दोन याच वर्षाचे होते, दोन चार वर्षांपूर्वीचे.

“हे दोन परत न्या.”

“मॅडम, सेम माल आहे. एका कंपनीचा, एका मापाचा. एकदम कोरा.”

“कोरा आहे ते दिसतंय. परत न्या.”

त्याने मला विचारलं, तुमचं पण दुकान आहे का. मी म्हटलं, मिरची कांडप आहे. दीड तास बसले. त्याने कुठून तरी आणखी दोन मागवले, याच वर्षाचे निघाले. जुन्या रिमला ट्यूब लागते, त्या नव्या घेतल्या, आतून पावडर मारून बसवायला लावल्या. गाडीच्या काढलेल्या टायरांतला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला टाकला. तीन वाजता मी घरी होते. आईंनी गाडीकडे पाहिलं आणि आत गेल्या.

पाचच्या सुमारास गोविंदकाका काठी टेकत आले. त्यांच्यामागे शेवंताकाकी, त्यांची बायको. बातमी माझ्याआधी पोचली होती. काकांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी वाकून नव्या टायरवर हात फिरवला, मग अंगणात भिंतीला टेकलेल्या त्या चारांवर फिरवला.

“हे त्यानं माझ्यासाठी ठेवले होते,” ते म्हणाले. “नि तू दुकानातले घालून आणलेस? मी नाय बसत यात. सांगून ठेवतो.”

“आवो, ती येवढी नेते तुमाला...” काकी मध्ये पडल्या.

“तू गप. वीस वर्षं मी त्याच्या टायरवर घाट उतरलो. एकदा पण वाकून बघितलं नाय. त्यानं ठेवलेला टायर नि मी दुसऱ्याचा बघू?”

मला वेळ नव्हता. साडेसहाला निघायचं होतं आणि हा माणूस खरंच घरी बसला असता, त्याचा हट्ट मला माहीत आहे. मी म्हटलं, “काका, म्हशाच्या जत्रेला तुम्ही नानांना का शिव्या घातल्यात?”

“घातल्या. घालणारच. टायर नवा होता.”

“कोणी सांगितलं नवा होता?”

“दिसत होता मला! तवा डोळे होते.” भिंतीच्या टायरवरचा हात तसाच राहिला. अंगठा नक्षीतल्या खाचेतून हळूहळू फिरत होता.

“तेव्हा त्यांनी तुमचं ऐकलं असतं तर?” मी विचारलं.

“तर मला बैल मिळाला असता,” गोविंदकाका म्हणाले. मग म्हणाले, “नायतर नसता पण मिळाला.” आणि काठी उचलली. “सकाळी किती वाजता?”

“साडेसहा.”

“हॉर्न मारू नको. मी तयार असतो.”

ते निघाले, तर आई आतून नारळ घेऊन आल्या आणि तो मला न देता शेवंताकाकींच्या हातात दिला. “तुमच्या घरात काय नाय ना? मग तुमी फोडा. गाडी तुमच्यासाठी जाते.” काकींनी गाडीच्या चारही टायरांना हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. आई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. आमच्या घरात नवं काही आलं नाही.

तेवढ्यात दिनेशची जीप दारात लागली. डोळखांबकडे परत जाताना तो मुद्दाम थांबला होता. “वहिनी, नाय घातलेत ना? मग मी नेतो ते चार. माप जरा बारीक पडेल, पण मागे चालतील. फुकट जाण्यापरीस बरं.” जीपमध्ये आत-बाहेर मिळून पंधराएक माणसं होती, दोन बायका मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. पोरगा चांगला आहे, लोभी नाही. त्याला खरंच वाटत होतं की नानांची वस्तू वाया जाऊ नये. मी म्हटलं, आज नको. तो म्हणाला, उद्या सकाळच्या फेरीला येतो.

गोविंदकाका फाटकापाशी थांबून ऐकत होते. जीप गेल्यावर म्हणाले, “डेपोत बाद टायर असा उभा ठेवायचे नाय. कापूनच बाहेर द्यायचे. नायतर कोणतरी लावतोच. तुझा सासराच कापायचा. हजार कापले असतील.”

मी त्यावर बराच विचार केला. नानांनी माळ्यावरचे टायर गाडीला घातले नाहीत, कारण त्यांना वय माहीत होतं. मग ते कापले का नाहीत? मला वाटतं, घेतानाच चूक झाली होती. माप पुढे मिळणार नाही या भीतीने त्यांनी, ज्यांनी मला न चाललेल्या रबराचं सांगितलं त्यांनीच, चार टायर साठवले, आणि ते पडून पडून म्हातारे झालेले पाहिले. सरकारी टायर कापताना ज्यांचा हात थांबला नाही त्यांना स्वतःचे चार कापवले नाहीत. म्हणून ‘ते राहू दे’. बत्तीस वर्षांच्या कामात मला त्यांची ही एवढीच कसूर सापडली, आणि त्यातही त्यांनी ते टायर कोणाच्या गाडीखाली जाऊ दिले नव्हते. आता ते माळ्यावर नव्हते, अंगणात होते, आणि सकाळी दिनेश येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठले. कांडपाच्या मशीनचे पट्टे कापायला माझ्याकडे एक आखूड, जाड पात्याची सुरी आहे, ती घासून घेतली. रबर कापताना पातं अडकतं, म्हणून साबणाचं पाणी लागतं. टायर आडवा पाडून त्यावर पाय दिला आणि बाजूच्या भिंतीला वीतभर काप घेतला, मग समोरच्या बाजूला दुसरा. तसा टायर परत हवा धरत नाही. पहिल्याला दहा मिनिटं लागली, दुसऱ्याला त्याहून कमी. तिसरा घेतला तेव्हा आई बाहेर आल्या. त्यांनी मगातलं पाणी कापावर धरलं आणि वाकून आत पाहिलं.

“आतून तर चांगलं दिसतंय गो,” त्या म्हणाल्या.

“दिसतंय,” मी म्हणाले, आणि चौथा टायर ओढून घेतला.